पट्टीवरचं पुढच्या फेरीत

मावशी काउंटरवर झोपते, अशी तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी एखादं नवं गिऱ्हाईक लाँड्रीच्या मालकांकडे करतंच. जुनी गिऱ्हाइकं करत नाहीत. त्यांना माहीत आहे की मावशीचे डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात, आणि दाराची घंटा पुरती वाजायच्या आत ती टोकनसाठी हात पुढं करते.

ही माझी सख्खी मावशी, आईची मोठी बहीण. एकतीस वर्षं त्याच लाँड्रीत, त्याच लाकडी काउंटरमागं, त्याच खुर्चीवर. खुर्चीवरची उशी तीनदा बदलली, खुर्ची नाही. मी प्रोग्रॅम लिहून पोट भरते. आमच्या दोघींच्या कामाचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही असं मी बरीच वर्षं समजत होते, आणि तसं चारचौघांत बोलूनही दाखवत होते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि अक्कल मागाहून येते. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना ठाऊक आहेत, तेव्हा इथं लपवण्यात काही अर्थ नाही.

आधी मावशीचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

दुकानाला पुढं दार, मागच्या भिंतीत एक खिडकी. खिडकीपलीकडे तिघं जण: धुलाईवाले काका, इस्त्रीवाले काका आणि रफू करणारी बारीकताई. तिला हे नाव पडलं कारण ती टाके बारीक घालते आणि लोकांच्या चुकाही बारीक काढते. पुढं काउंटरवर मावशी एकटी. कपडा आला की ती चिठ्ठी फाडते. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला टोकनचा नंबर, काय करायचं ते आणि वायद्याची वेळ. मागच्या बाजूला तिचं स्वतःचं टिपण: 'झालं की फोन', 'झालं की बारीकताईकडे, दुसरं बटण सैल आहे', 'झालं की जोडीची पँट शोध'. कपडा चिठ्ठीसकट आत सरकवला की ती वळलीच. आतलं काम संपलं की आतून कुणीतरी खिडकीची घंटा टुणकन वाजवतं आणि कपडा-चिठ्ठी परत खिडकीत ठेवतं. मावशी चिठ्ठी आपल्या ट्रेमध्ये टाकते, पाळी आली की उलटी करते आणि मागं जे लिहिलंय ते करते. खिडकीशी ती कधी उभी राहत नाही. डाग निघाला का, इस्त्री तापली का, हे बघत तिथं उभं राहिलं तर पुढच्या दारात रांग कोण बघणार, असं तिचं म्हणणं.

काउंटरमागच्या फळीवर चावीचं गजराचं घड्याळ असतं. तोंड मावशीकडे, पाठ गिऱ्हाइकांकडे. सकाळी कुलूप उघडलं की पहिली किल्ली त्या घड्याळाला. हातातलं काम संपलं, ट्रे रिकामा झाला, की ती सगळ्यात जवळचा वायदा कोणता ते बघते, तेवढ्याचा गजर लावते आणि डोळे मिटून बसते. दाराची घंटा, खिडकीची घंटा आणि गजर, तिन्हींपैकी जे आधी वाजेल ते तिला उठवतं. हीच ती तक्रारवाली झोप. दर मिनिटाला उठून खिडकीत डोकावणारी माणसं तिला आवडत नाहीत. त्यानं कपडा लवकर वाळत नाही, गुडघे तेवढे लवकर झिजतात.

शिवाय ट्रेमध्ये एक लाल लाकडी पट्टी पडलेली असायची. लहानपणी मी तिनं पाठ खाजवायचे आणि त्याच पट्टीचा मार खायचे. ती तिथं कशासाठी आहे हे विचारावं असं मला कधी वाटलं नाही.

आता माझं काम. चार वर्षं फावल्या वेळात मी एक लायब्ररी लिहीत होते, म्हणजे इतर प्रोग्रॅमरांनी आयती उचलून वापरावी अशी कोडची पेटी. तिच्या पोटात एक इव्हेंट लूप होता. त्याचं काम समजायला अवघड नाही. प्रोग्रॅम एकटा असतो आणि घटना चारी बाजूंनी येतात: कुणी बटण दाबलं, कुठून निरोप आला, कसली तरी वेळ भरली. लूप एक घटना उचलतो, तिच्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं काम करतो, पुढची उचलतो. वेळखाऊ काम दुसऱ्याकडे सोपवतो आणि स्वतः तिथं थांबत नाही. काहीच नसेल तर सगळ्यात जवळच्या वायद्यापर्यंत झोपतो, आणि मध्ये काही आलं तर उठतो. वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या चार वर्षांत आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तर झालं असं की मालकांनी शेजारची खोली घेतली, आत दोन नवी यंत्रं बसवली आणि हॉटेलांचे पडदे धुवायला घ्यायला लागले. काम दुप्पट झालं. मालक माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्यांनी एका कंपनीचं काउंटरचं यंत्र बघून ठेवलं, ज्यात गिऱ्हाईक स्वतःच बटणं दाबतं, आणि मावशीला गोड शब्दांत सांगितलं की आता तुम्ही घरी आराम करा.

त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. चहाचा कप हातात धरून बसली तो चहा पार गार झाला. शेवटी आईला एवढंच म्हणाली, "आराम करायला मी काय आजारी आहे?" तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला रडू यायला हवं होतं, पण मला आधी राग येतो. मी तशीच चपला घालून मालकांच्या घरी गेले. म्हटलं, तुम्हाला यंत्रच हवंय ना, ते मी लिहून देते, माझ्या लायब्ररीवर, पण त्याच्यासमोर बसणार माझी मावशी. बोलताना आवाज जरा चढलाच असावा, कारण आतून त्यांची बायको डोकावून गेली.

मालकांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. येत्या शनिवारी, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, दुप्पट काम त्या प्रोग्रॅमवर चालवून दाखवायचं. एकही वायदा चुकला नाही तर मावशी खुर्चीवर राहील. एक जरी चुकला तरी कंपनीचं यंत्र येईल आणि मावशी घरी जाईल. मी ताठ मानेनं हो म्हणून आले. मावशीला विचारलंही नव्हतं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की अट बरोबर आहे, वायदा म्हणजे वायदा.

गुरुवारी रंगीत तालीम ठेवली. काउंटरवर कॉम्प्युटरचा पडदा, बाजूला त्याचा खोका, खिडकीपाशी तिघांसाठी एक-एक बटण. सकाळी सगळं झकास चाललं. धुलाईवाले काका बटण दाबण्यासाठी दरवेळी हात पुसून येत होते, जणू कुणाशी हस्तांदोलन करायचंय. दुपारी हॉटेलचे बत्तीस पडदे आले. ते सगळे धुऊन झाल्यावर एकत्रच पाठवायचे, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक काम लिहिलं होतं: बत्तीसच्या बत्तीस आले का ते बघ, आले नसतील तर लगेच पुन्हा बघ.

साडेतीनच्या सुमाराला पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थिजलं. आत इस्त्रीवाले काका बटण दाबून दाबून थकले, पण इकडे त्याचा पत्ता नाही. खोक्याचा पंखा मात्र असा घोंघावत होता की बारीकताईनं विचारलं, हे उडणार आहे का? बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या गृहस्थांचा काळा कोट चारचा होता. प्रोग्रॅमनं सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चारला पाच कमी असताना मावशीचं चावीचं घड्याळ खणखणलं, तिनं उठून कोट काढला, आणि ट्रम्पेटवाले हसत घेऊन गेले. त्यांना काही कळलंही नाही. पण मालक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघत होते. जाताना शनिवार लक्षात आहे ना, एवढंच विचारून गेले. माझी पाचावर धारण बसली.

दुकान बंद झाल्यावर मी खोक्यासमोर बसले आणि घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला लागले. मावशी शेजारी चिठ्ठ्या लावत होती. तिनं विचारलं की हा बंद पडला म्हणजे झोपला होता का? मी म्हटलं, नाही, उलट जिवाच्या आकांतानं काम करत होता. मग नेमकं काय करत होता, हा तिचा दुसरा प्रश्न. मी वैतागून सांगितलं की 'पडदे आले का, पडदे आले का' हेच स्वतःला विचारत होता. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या प्रोग्रॅमला पट्टी नाही."

आता खरं सांगते, मी तिच्यावर खेकसले. हा कॉम्प्युटर आहे, लाँड्री नाही, असं काहीतरी बोलले. दुसऱ्या कुणी उठून निघून गेलं असतं. मावशीनं ट्रे माझ्यापुढं ओढला आणि दाखवलं.

ट्रेमध्ये चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तो हातात घ्यायच्या आधी तिनं लाल पट्टी गठ्ठ्यावर आडवी ठेवली. मग तळातून एकेक चिठ्ठी काढून करायला लागली. एका चिठ्ठीतून नवं काम निघालं, त्याची चिठ्ठी तिनं पट्टीच्या वर टाकली. खिडकीतून आली असं धरलेली आणखी एक, तीही वर. पट्टीखालच्या संपल्या तशी ती थांबली. आधी घड्याळ बघितलं, मग खिडकी, मग दार. आणि त्यानंतर पट्टी उचलून वरच्या चिठ्ठ्यांच्या डोक्यावर ठेवली आणि पुढची फेरी सुरू केली.

तिच्या पहिल्याच वर्षी, ती सांगायला लागली, एका बड्या गिऱ्हाइकानं काउंटरवर उभं राहून एकातून एक कामं काढली. हे झालं की ते, ते झालं की लगेच हे. ट्रे रिकामा होईपर्यंत उठायचं नाही असा मावशीचा तेव्हा नियम होता, आणि ट्रे काही रिकामा होईना. खिडकीची घंटा वाजत राहिली, तिनं लक्ष दिलं नाही. एका नर्सचा गणवेश दोनचा होता. तो धुऊन, इस्त्री होऊन खिडकीत तयार पडला होता, पण बघायला मावशीला फुरसत झाली नाही. नर्स आली, उभी राहिली, घड्याळ बघितलं आणि साध्या कपड्यांवरच कामावर गेली. भांडली नाही. तिनं फक्त एकदा मावशीकडे बघितलं. मावशीनं तेव्हा कानाला खडा लावला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी विकत आणली. एकतीस वर्षांत चुकलेला तेवढा एक वायदा.

मी ऐकत होते आणि माझे कान गरम होत होते. माझा लूपही ट्रे रिकामा होईपर्यंत उठत नव्हता. पडद्यांचं काम स्वतःचीच नवी चिठ्ठी पुन्हा पुन्हा आत टाकत होतं, म्हणून ट्रे कधीच रिकामा होत नव्हता. लूप घड्याळाकडे वळत नव्हता आणि खिडकीकडेही नाही. त्यात गंमत अशी की धुतलेले पडदे खिडकीतूनच यायचे होते. ज्यांची वाट बघत होता त्यांनाच आत घ्यायला त्याला सवड नव्हती. चार वर्षं मी हे लिहिलं, तपासलं, लोकांना शिकवलं, चांगले दिवे लावले.

दुरुस्ती तीन ओळींची निघाली. फेरीच्या सुरुवातीला ट्रेमध्ये किती चिठ्ठ्या आहेत ते मोजायचं, तेवढ्याच करायच्या, मध्ये आलेल्या पुढच्या फेरीला ठेवायच्या. त्या मोजणीला कोडमध्ये मी 'लालपट्टी' असं नाव दिलं. मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं आणखी एक चूक काढली. पडद्यांना सारखं विचारायचंच कशाला, म्हणाली, प्रत्येकाच्या मागं लिही की 'झालं की मोजणीत एक वाढव, बत्तीस भरले तर पाठव', मग शेवटचा आला की तोच सांगेल. तेही केलं. शुक्रवारी दिवसभर घरी तपासून बघितलं, आणि संध्याकाळी मावशीला फोन करून सांगितलं की झालंय, आता वायदा चुकणार नाही. तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवार उजाडला आणि लोटली की गर्दी. मालकांनी दुप्पट म्हटलं होतं, निघालं तिप्पट. चाळीस पडदे, एका शाळेचे नाटकाचे पोशाख, ज्यात एका राजाच्या झग्यावर शाई सांडलेली, आणि एक आजोबा जे एकच मोजा घेऊन आले होते आणि दुसरा इथंच आहे असं ठामपणे सांगत होते. मावशी चिठ्ठी फाडायच्या ऐवजी आता बटणं दाबत होती, आणि मागच्या बाजूचं टिपण कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहीत होती. दोन बोटांनी, पण न चुकता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर नखं खात बसले होते. पंखा जरा घोंघावला की मी उठून उभी राहायचे. मग फळीवरच्या घड्याळाच्या पाठीकडे बघायचे आणि स्वतःला समजवायचे की माझ्या कोडनं दगा दिलाच तर मावशीचा गजर आहे. दिवसभर त्या घड्याळाच्या भरवशावर मी श्वास घेतला.

तीन वाजायला आले असताना मालक स्वतः एक बोचकं घेऊन आले. बायकोची शाल, मुलीचा फ्रॉक, स्वतःचा कोट, आणि हे सगळं लगेच, सगळ्यांच्या आधी. एक दिलं की दुसरं काढत होते. मला वाटतं मुद्दामच. मावशीनं सगळं शांतपणे घेतलं, आणि पडद्यावर प्रत्येक ओळीपुढं उमटलं: पुढच्या फेरीत. मालकांनी भुवया उंचावल्या. मावशी म्हणाली की पट्टीवरचं पुढच्या फेरीत, मग ते कुणाचंही असो, आणि तेवढ्यात तीनच्या वायद्याची सूचना वाजली म्हणून तिकडे वळली. मालक उभे राहिले. दुसऱ्या फेरीत त्यांचा नंबर लागला, त्याला जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. मग ते दुसरं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले.

चारला पाच कमी असताना ट्रम्पेटवाल्यांच्या पुन्हा आलेल्या कोटाची सूचना वाजली. कोट बाहेर आला, ट्रम्पेटवाले आले, घेऊन गेले. पाचला चाळिसावा पडदा आला आणि त्यानं स्वतःच सांगितलं की आम्ही सगळे आलो. मोजा सापडला. राजाच्या झग्यावरची शाई मात्र पूर्ण गेली नाही, पण बारीकताईनं तिथं एक फूल शिवून टाकलं, आणि नाटकाच्या बाईंना ते आधीपेक्षा बरं वाटलं.

सातला शेवटचं गिऱ्हाईक गेलं. पडद्यावर चुकलेल्या वायद्यांच्या जागी शून्य होतं. इस्त्रीवाले काका आतून टाळ्या वाजवत आले, धुलाईवाल्या काकांनी हात पुसून माझ्या खोक्यावर थाप मारली. मालक उठले, मावशीसमोर गेले आणि म्हणाले, "मावशी, खुर्ची तुमची."

मावशीनं मान डोलावली आणि म्हणाली की खुर्ची होतीच, आता तिला हात बसवून द्या, उठताना गुडघा दुखतो. मालक हसत हसत सोमवारी सुतार पाठवतो म्हणून गेले. माझा जीव भांड्यात पडला. इतका आनंद झाला होता की काहीतरी करायला हवं म्हणून मी काउंटरमागं गेले आणि फळी पुसायला घेतली. घड्याळ उचललं. किती हलकं आणि गप्प वाटलं ते हातात. उलटं करून बघितलं तर काटे आठ वाजून दहा मिनिटांवर उभे. तेही सकाळच्या, आणि दुकान तर नऊला उघडतं. कालची किल्ली उतरली तिथंच ते थांबलं होतं. सकाळी मावशीनं त्याला किल्लीच दिली नव्हती.

मी तिला विचारलं, विसरलीस का? ती चिठ्ठ्यांचा जुना गठ्ठा बांधत होती. नाही म्हणाली, विसरले नाही. मग माझं कोड चुकलं असतं तर, खुर्ची गेली असती ना तुझी, असं मी जवळजवळ ओरडलेच.

तिनं दोऱ्याची गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"एकतीस वर्षं लोक माझ्या शब्दावर अंगावरचे कोट काढून ठेवून गेले. तू काल शब्द दिलास. मी एक दिवस तुझ्या शब्दावर बसायचं नाही?"

मग मात्र मला राग आला नाही. मी घड्याळ छातीशी धरून तिथंच उभी राहिले आणि ढसाढसा रडायला लागले, तिघांच्या देखत. आयुष्यात माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता, आणि तोही मला न सांगता. मावशीनं ट्रेमधली लाल पट्टी उचलली, माझ्या पाठीवर हलकेच टेकवली आणि म्हणाली, "रडायचं ते पुढच्या फेरीत. आधी शटर ओढ."

मी डोळे पुसले आणि शटर ओढायला गेले.